डावीकडचा पाटा

आमची पिकप उजवीकडे ओढायला लागली ती बायको गेल्यानंतरच्या पहिल्या बाजाराला.

अगदी पहिल्याच. दिवसकार्य उरकलं, पाव्हणे आपापल्या गावी गेले, आणि घरात मी आणि चादरींचे गठ्ठे एवढेच उरलो. पोटाला काय सुतक असतं? एका सकाळी गठ्ठे भरले आणि मोहोळच्या बाजाराला निघालो. पुणे नाका मागे पडला, रस्ता मोकळा झाला, तसं स्टेरिंग आपलं आपण हळूच उजवीकडे निघालं. मी सरळ केलं. पुन्हा निघालं. मी म्हटलं, आज हाताला सवय नाही राहिली, होईल ठीक. मोहोळपर्यंत माझा डावा खांदा भरून आला, एवढं ते चाक ओढून धरावं लागलं.

ज्यांनी गाडी चालवली नाही त्यांना सांगतो. आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, आणि आपण चालतो डावीकडून. त्यामुळे जुनी गाडी ओढलीच तर डावीकडे ओढते. फार तर बाभळीत शिरते, काटे लागतात, लोक हसतात. उजवीकडे ओढणारी गाडी मात्र समोरच्या ट्रकखाली नेते. तिथं हसायला कुणी थांबत नाही.

आमचा धंदा सोपा होता. सोलापुरातल्या मागावाल्यांकडून चादरी-टॉवेल उचलायचे आणि आठवडी बाजारात नेऊन विकायचे. मोहोळ, टेंभुर्णी, वेळापूर, कधी अक्कलकोट. गाडी माझी आणि जीभ तिची. मला गिऱ्हाईकाशी बोलता येत नाही. कुणी चादर उलटीपालटी करून 'रंग जाईल का हो?' विचारलं की माझ्या तोंडून जायचं, 'न्यायची तर न्या, नाहीतर ठेवा.' ती मला मागे ढकलायची आणि म्हणायची, 'मावशी, रंग जाईल की. तुमची सून म्हातारी झाली की जाईल.' चादर विकली जायची.

अंगानं ती भरलेली होती. भरलेली म्हणजे, आता खोटं कशाला बोलू, चांगली जाडजूड होती. ज्वारीचं पोतं आणि वर एक पायली. मी हा असा, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा. ती पिकपमध्ये चढली की गाडी डावीकडे कलायची आणि कुठूनतरी कुईऽ असा आवाज यायचा. मी म्हणायचो, 'गाडी रडली बघ.' ती म्हणायची, 'मग कशाला आणलासा मला? माझ्या माहेरीच राहू द्यायचं होतं की.'

तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कन्नड मुलखातलं. एरवी मराठी बोलायची, पण घाबरली की कन्नड बाहेर पडायचं. वळण आलं की एक हात दाराला, एक हात माझ्या गुडघ्यावर, आणि 'निधान, निधान!' कन्नडात निधान म्हणजे हळू, सावकाश. हे मला आता ठाऊक आहे. लग्न झालं तेव्हा नव्हतं. तेव्हा पिकप कुठली, एक सायकल होती. ती मागे कॅरियरवर बसायची आणि उतार आला की माझा सदरा धरून 'निधान, निधान' करायची. मराठीत निधान म्हणजे धन, ठेवा. मला वाटलं, बायको मला धन म्हणतेय! मी आपला खूश होऊन आणखी जोरात पायडल मारायचो, आणि ती आणखी जोरात ओरडायची. एकदा दोघं विजापूर वेशीजवळ भाजीवालीच्या टोपलीत जाऊन पडलो, तेव्हा सासऱ्यांनी अर्थ सांगितला. पुढे आयुष्यभर तिनं मला यावरून छळलं. रागावली की म्हणायची, 'काय हो, धन!'

ती काविळीनं गेली. दुष्काळ नुकता कुठं सरला होता, बाजार पुन्हा भरायला लागले होते, लोक चादरी घ्यायला लागले होते. आमचे चार बरे दिवस यायचे आणि हिनं डोळे पिवळे करून घेतले. मूलबाळ नव्हतं. एवढंच सांगतो, जास्त सांगवत नाही.

तर गाडी ओढायला लागली. मी विजापूर वेशीकडच्या माझ्या मिस्त्रीकडे गेलो. हा तालमीत वाढलेला पैलवान गडी, पुढे तालीम सोडली आणि खाणं तेवढं ठेवलं. जातीनं मुसलमान, बोलायला निम्मा मराठी निम्मा दखनी, आणि माझ्याइतकाच तापट. त्यानं आधी चाकांची हवा बघितली. मग पुढची चाकं अदलाबदल केली. मग उजव्या चाकाचा ब्रेक अडकून धरतोय का म्हणून गाडी पळवून आणायला लावली आणि दोन्ही चाकांच्या मधोमध हात लावून बघितला. दोन्हीकडं सारखंच कोमट. मग चाकं आतबाहेर तिरकी झालीत का बघायला मी मागावरचं सूत आणून दिलं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत त्यानं ते ताणून धरलं, एक डोळा मिटून बघितलं. सूत चारी ठिकाणी टेकत होतं. स्टेरिंगखालचे सांधे हलवून बघितले, ग्रीस भरलं. कुठंच काही नाही.

'चला, रस्त्यावर बघू,' तो म्हणाला. 'मी चालवतो.'

इथं माझा स्वभाव आडवा आला. माझी गाडी मी कधी कुणाच्या हातात दिलेली नाही. 'स्टेरिंग मी सोडणार नाही,' मी म्हटलं. 'तू शेजारी बस आणि बघ.'

तो कुरकुरत डावीकडे बसला. होटगी रस्त्याला निघालो. आणि काय सांगू! गाडी सरळ. सुतात. मी हात ढिला सोडला तरी सरळ.

'कुटं ओढतीय?' तो म्हणाला. 'पाण्यावानी चाललीय की.'

त्याला गॅरेजवर सोडलं आणि घराकडे वळलो, तर गाडी पुन्हा उजवीकडे! मी तिथूनच परत फिरलो, त्याला पुन्हा बसवलं. पुन्हा सरळ. असं आमचं त्या महिन्यात कितीदा झालं. प्रत्येक वेळी काहीतरी नवीन उघडून बघायचा, प्रत्येक वेळी शेजारी बसून यायचा, आणि त्याच्यासमोर ती गाडी शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पोरं बसतात तशी शहाण्यासारखी चालायची. शेवटी तो चिडला. 'मालक, गाडीत कायबी न्हाई. गाडी नक्को उघडायला आता. तुमी चार दिवस आराम करा.'

आराम करा म्हणजे काय, ते मला कळलं. माणूस एकटं पडलं की लोक असं बोलायला लागतात.

मग मोहोळच्या अलीकडच्या वळणावर एकदा व्हायचं ते झालं. बाजाराहून परत येत होतो, उन्हानं डोळे दिपले होते. क्षणभर हात ढिला पडला, आणि समोरून बैलजोड्या भरलेला ट्रक. त्यानं हॉर्न दाबून धरला. मी चाक सगळं डावीकडे मारलं आणि गाडी खड्ड्यात घातली. गठ्ठे सगळे माझ्या मानेवर. तो ट्रकवाला थांबून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. मी तसाच बसून राहिलो. एरवी अशा वेळी डावीकडून बोलणी बसली असती, 'आंधळे झालासा काय?' म्हणून. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. मला तेव्हा रडू आलं, घाबरून आलं की कशानं, ठाऊक नाही.

ही बातमी वेळापूरला थोरल्या भावापर्यंत गेली. भाऊ शेती बघायचा, घरचं दूधतूप खाऊन वजनदार झालेला, बोलणंही वजनदार. तो मुद्दाम सोलापूरला आला. 'चल, मला दाखव गाडी कशी ओढती ती.' शेजारी बसला. मी मनातल्या मनात गाडीला हात जोडले, की बाई, आज तरी ओढ. नाही ओढली! बाळे गावापर्यंत गेलो आणि आलो, सुतात सरळ.

'नाचता येईना, अंगण वाकडं,' भाऊ म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला. 'हे बघ. गाडीला काय झालेलं न्हाय. तुला झालंय. बायको गेल्यापासनं तुझं चित्त जाग्यावर न्हाय. एक दिवस कुणाला तरी मारशील, न्हायतर मरशील. दसऱ्यापर्यंत बघ. न्हाय जमलं तर गाडी विकून टाक आणि वेळापूरला ये. ओसरीवरची खोली रिकामी हाय. दोन वेळची भाकरी काय जड झाली न्हाय तुझी.'

भाकरी जड झाली नसती, हे खरं होतं. पण वेळापूरला मी कोण? 'पलीकडच्या खोलीत राहतात ते काका.' पोरं येऊन जेवायला बोलावणार, मी जेवणार, पुन्हा खोलीत जाणार. पिकपमध्ये बसलो की मी चादरीवाला होतो, बाजारात आलो की बायका लांबून ओळखायच्या. आणि त्या पिकपमध्ये अजून ती होती. सीटच्या डाव्या बाजूला तिच्या बसण्यानं खळगा पडला होता. दाराची मूठ तिनं धरून धरून गुळगुळीत झाली होती. गाडी विकायची म्हणजे तो खळगाही विकायचा. नाही, ते माझ्यानं होणार नव्हतं.

पण भाऊ खोटं बोलत होता का? हे मला समजेना. मी घरी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या हातात धरून बघायचो, हात कापतो का म्हणून. कापत नव्हता. मग वाटायचं, डोकंच कापत असेल. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात; माझी गाडीसुद्धा माझ्यावर फिरली, असं मनाला लागलं. बाजाराला जायचं तर मी चाक दोन्ही हातांनी आवळून, दात दाबून जायचो, आणि आल्यावर जेवण न करता झोपायचो. दसरा जवळ येत चालला.

खंडेनवमीला आमच्या मिस्त्रीकडे मोठी धांदल असायची. सगळी हत्यारं धुऊनपुसून, पाने-हातोडे ओळीनं मांडून ठेवायचा. त्या दिवशी हत्याराला पूजेसाठी सोडून हात लावायचा नाही, हा नियम तो कुणाही हिंदूपेक्षा जास्त पाळायचा. गिऱ्हाईक गाड्या घेऊन यायचे, पूजा करायचे. 'पूजा तुमची, नारळ माझा,' असं म्हणून तो एका फटक्यात नारळ फोडायचा.

दर वर्षी गाडीची पूजा ती करायची. हळदीकुंकवाची बोटं ओढायची, झेंडू बांधायची, आणि काचेपाशी लिंबू ठेवायची. त्या वर्षी सगळं मीच केलं. कुंकवाची बोटं वेडीवाकडी आली. मग स्टेरिंगवर बसून आतल्या फळीवर, काचेच्या मधोमध लिंबू ठेवलं. ते घरंगळत उजवीकडे आलं आणि माझ्या मांडीवर पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा आलं. 'तूही?' मी लिंबाला म्हटलं, आणि वर एक शिवी दिली. सणाच्या दिवशी!

मिस्त्री झेंडूचा हार घेऊन आला. आरशाला अडकवायला म्हणून डावीकडचं दार उघडून आत चढला, तसं गाडीनं कुईऽ केलं. मी तेव्हाच लिंबू तिसऱ्यांदा ठेवलं होतं. ते उजवीकडे निघालेलं मधेच थांबलं. जरासं डगमगलं आणि मधोमध बसून राहिलं.

आम्ही दोघं त्या लिंबाकडे बघत राहिलो. मिस्त्री खाली उतरला. लिंबू माझ्या मांडीवर. मिस्त्री वर चढला, मी लिंबू ठेवलं. मधोमध.

'मालक,' तो म्हणाला, 'हितं...' आणि थांबला. कोण बसायचं ते त्याला ठाऊकच होतं. वहिनी वहिनी करत तिच्या हातची शेंगाचटणी त्यानं किती खाल्ली होती. तो उतरला आणि सणाचे नवे कपडे घालून गाडीखाली शिरला. हत्यार घ्यायचं नव्हतं, म्हणून हातानंच चाचपलं. गाडीचा भार ज्यांवर तोललेला असतो ते लोखंडी पाटे, एकावर एक रचलेले, त्यानं बोटांनी मोजले. आधी उजवीकडचे, मग डावीकडचे, मग पुन्हा डावीकडचे.

'डावीकडं एक पाटा जादा हाय,' खालूनच तो ओरडला. 'कुणी घातला?'

आणि मला एकदम टेंभुर्णी आठवली. फाट्यावर एक लोहार गाड्यांचे पाटे करायचा. गाडी डावीकडे इतकी बसायला लागली होती की चाक वर घासायचं. लोहारानं ते बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि मान खाली घालून म्हणाला, 'डावीकडं एक पाटा वाढवावा लागंल.' मी हसायला लागलो. रस्त्यावरचे चार लोक हसले. तिनं कमरेवर हात ठेवून मला सुनावलं, 'हसा की! लग्नात पाटा-वरवंटा दिला न्हाय म्हणून तुमची आई मला बोलत हुती. आता पाटा आला. वरवंटा तुमी!' पुढे गाडीत बसताना ती म्हणायची, 'सरका, माझा पाटा आला.' आणि ते मी साफ विसरलो होतो. विसरलो म्हणजे काय, गाडी तिच्यासकट इतकी सरळ चालायची की आठवायचं कारणच उरलं नव्हतं.

मिस्त्री बाहेर आला, हात झटकले. 'तुमी एकटे बसला की डावी बाजू उचलती, सगळा भार उजव्या चाकावर. म्हून ओढती. मी बसलो, तुमचा भाऊ बसला, की बरोबर.' मग म्हणाला, 'एकदा जरी माझ्या हाती स्टेरिंग दिलं असतं ना मालक, पहिल्या दिवशी कळलं असतं.'

'हो रे बाबा,' मी म्हटलं.

'पाटा काढतो. आज मात्र न्हाई, हत्यारं पूजेला बसल्यात. दसरा झाला की या.' आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता, 'न्हाईतर डावीकडं कुणाला तरी बसवावं लागंल.'

कुणाला बसवणार होतो?

संध्याकाळी मी घरी गेलो नाही. गाडी अक्कलकोट रस्त्याला घातली, तिच्या माहेरच्या वाटेला. गाडी उजवीकडे ओढत होती तशीच ओढत होती, पण आता मला भीती वाटेना. इतके दिवस मी त्या चाकाशी वैऱ्यासारखा झगडलो, आणि ते कुणाचं वजन मागत होतं, हे मला उमगलं नव्हतं! गाडी हळू ठेवली. डावीकडे बघून मी बायकोशी बोलत होतो, अगदी मोठ्यानं. चादरींचं सांगितलं, भावाचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं. शेतातून घरी चाललेल्या माणसांनी वळून बघितलं असेल, बघू देत. दिवस मावळायच्या आत परत फिरलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पाटा काढला. 'भंगारात टाकू?' म्हणाला. मी त्याच्या हातातून घेतला. तो अजून माझ्याकडे आहे, मोरीजवळ भिंतीला टेकवलेला, गंजून तांबडा झालाय.

तिथून तडक वेळापूरच्या बाजाराला गेलो. भाऊ बाजारात उभाच होता, माझी वाट बघत असावा. 'काय, ओढती का?' त्यानं विचारलं.

'नाही ओढत.'

'बघ,' भाऊ म्हणाला, 'मी म्हटलो नव्हतो, गाडीला काय झालेलं न्हाय म्हणून?'

पण गाडी विकायचं त्यानं पुन्हा काढलं नाही. ती खोली रिकामीच राहिली, पुढे तिथं त्यानं कडबा भरला.

परत येताना मी एकटा. मोकळा रस्ता आला तसे दोन्ही हात चाकावरून उचलून बघितले. गाडी सरळ. समोरचे ट्रक आपले आपल्या बाजूनं येत होते, जात होते. आनंद व्हायला हवा होता. गाडी माझी राहिली, धंदा राहिला, माझं डोकं ठिकाणावर होतं. आणि मला इतकं एकटं वाटलं, इतकं की ती गेली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. इतके दिवस निदान गाडीला तरी ठाऊक होतं की डावीकडे कुणीतरी कमी आहे. आता तिचंही काही अडत नव्हतं.

मोहोळच्या अलीकडचं ते वळण आलं. मी वाट बघितली. कुणी काही म्हणालं नाही. मग मीच म्हटलं, तिच्यासारखा हेल काढून, 'निधान, निधान.' आणि गाडी हळू केली.